छपरावरची बत्तीस भोकं

ट्रेलरवर सोलर पॅनेल्स बसवायची म्हणून त्याच्या छपराला भोकं पाडायची, तीही बत्तीस, हे ऐकल्यावर बायकोनं आधी माझ्याकडं आणि मग अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यात वीज मंडळात नोकरी झाली, त्यातली निम्मी खांबावर. दिवाळीनंतर ते आणि आई आमच्याकडं अमेरिकेत, फीनिक्सला आले होते, आणि सहा महिने नुसतं बसून काय करायचं या काळजीत होते.

"भोक पाडायला काय, कोण बी पाडंल," अण्णा म्हणाले. "बुजवायचं कसं ते ठरलंय का?"

तोपर्यंत तीन महिने मी व्हिडिओ बघत होतो. वह्या भरल्या होत्या. व्होल्ट, अँपिअर, वायरचे गेज सगळं पाठ. बुजवण्याबद्दल मात्र माझ्या वहीत एकच ओळ होती.

आमचा आरव्ही म्हणजे २०१३ सालचा, २४ फुटी, जुना घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर. पिकअप ट्रकला मागं जोडायचा आणि निघायचं. आत पलंग, ओटा, संडास-मोरी, गॅसवर चालणारा फ्रीज, छपरावर एसी. कॅम्पग्राउंडला वीज-पाणी जोडून मिळतं तिथं काही अडत नाही. पण अ‍ॅरिझोनात खरी मजा बीएलएमच्या जमिनीवर. केंद्र सरकारचं हे जमीन खातं. त्यांच्या मोकळ्या वाळवंटात बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस फुकट राहता येतं. शेजारी सग्वारो निवडुंग, वर चांदणं, आणि वीज शून्य.

आमची बॅटरी एका रात्रीत मान टाकायची. कारण साधं होतं. हीटर गॅसचा असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर, साधारण ७ अँपिअर खाणारा. वाळवंटातल्या थंडीत बारा तासांत तो सहा तास तरी फिरतो, म्हणजे ४० अँपिअर-तास तिथंच गेले. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८० ची, आणि तिची निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. सकाळी चहाला पाण्याचा पंप लावला की दिवे पिवळे. जनरेटर होता, पण तो सुरू केला की अर्ध्या मैलावरचे लोक आपल्याकडं बघतात.

म्हणून २०० वॅटची चार पॅनेल्स, १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, २००० वॅटचा इन्व्हर्टर आणि पॅनेलची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा १०० व्होल्ट, ५० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर एवढं सामान गॅरेजमध्ये येऊन पडलं. प्रत्येक देशी मित्रानं विचारलेला प्रश्न एकच, "एसी चालणार का?" चालेल, तास-दीड तास. मग अंधार. तो नादच सोडून द्यायचा.

आमच्या वस्तीच्या नियमात दारात ट्रेलर उभा करायला बंदी, त्यामुळं काम क्वीन क्रीककडं एका मित्राच्या एकरभर जागेत. शनिवार-रविवार चौघं डबे घेऊन तिकडं. आई आणि बायको खाली सावलीत खुर्च्या टाकून, आम्ही वर.

वर जाण्यावरून पहिलं भांडण झालं. अण्णा ६८ वर्षांचे.

"जन्मभर खांबावर चढलात ते पोटासाठी," आई म्हणाली. "आता कुणी सांगितलंय?"

अण्णांनी शिडी हलवून बघितली, खालचा पाय वाळूत रुतत होता तिथं फळीचा तुकडा सरकवला, आणि आईला उत्तर न देता चढले.

ट्रेलरचं छप्पर म्हणजे आपल्याकडचा स्लॅब नव्हे. वर रबराचं कातडं, ज्याला ईपीडीएम म्हणतात, त्याखाली जेमतेम बोटभर जाडीसुद्धा नसलेलं प्लायवूड, आणि ते आडव्या लाकडी पट्ट्यांवर टेकलेलं. पट्ट्यांच्या मधे पाय पडला तर छप्पर खाली झुकतं आणि पोटात गोळा येतो. आम्ही प्लायवूडचे दोन मोठे तुकडे वर नेले आणि त्यांच्यावरून रांगत फिरलो. रबर जुनं झालं की पांढरी भुकटी सोडतं. हात टेकला की भिंतीचा चुना लागावा तसा लागतो. पहिल्या दिवशी खाली उतरलो तेव्हा दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो.

अण्णांनी सामानाला हात लावायच्या आधी गुडघ्यावर बसून सगळं छप्पर बोटांनी ठोकत काढलं. मागच्या बाजूला, बाथरूमच्या झरोक्यापाशी आवाज बदलला.

"हितं मऊ लागतंय."

दाबलं तर खरंच ब्रेडसारखं. ज्या गृहस्थाकडून ट्रेलर घेतला त्यानं छप्पर "अगदी कोरडं" असल्याचं सांगितलं होतं, आणि झरोक्याभोवती साधं सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉन या रबरावर नीट धरत नाही. कडेनं सुटतं, खालून पाणी शिरतं. वर आणखी एक उपद्रव असा, की एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, त्यामुळं आधी ते कणाकणानं खरवडून काढावं लागतं. पॅनेल बसवायला आलो होतो आणि पहिला शनिवार-रविवार कुजलेलं लाकूड कापण्यात गेला. दोन फूट बाय दोन फूट प्लाय बदललं, रबर परत चिकटवलं, चारी कडांवर रुंद ब्यूटाइल टेप मारली. तो तुकडा तसाच राहिला असता आणि त्यावर पॅनेल बसलं असतं तर वर्षभरानं ते पॅनेल कुठल्यातरी हायवेवर उतरलं असतं.

पॅनेल कुठं बसवायची यासाठी मी कॉम्प्युटरवर नकाशा काढला होता. अण्णांनी पॅनेलच्याच खोक्यांचे पुठ्ठे त्या मापाला कापले, छपरावर मांडले, वर दगड ठेवले आणि म्हणाले, आता दिवसभर बघत बसू. नऊला, बाराला, तीनला सावली कुठं पडते ते खडूनं काढलं. एसीचा डबा छपरावर फूटभर उंच. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला एवढा खाली असतो की त्या डब्याची सावली दुपारनंतर लांबच लांब होत जाते. माझ्या नकाशात एसी हा एक चौकोन होता, त्याला उंचीच नव्हती.

सावलीचा हिशेब वायरिंगशी जोडलेला आहे. दोन पॅनेल्स एकामागं एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली की त्यांच्यातून एकच करंट वाहतो. त्यातलं एक झाकलं गेलं की दुसऱ्याचाही फारसा उपयोग राहत नाही. म्हणून आम्ही दुपारी सावलीत जाणारी दोन पॅनेल्स एका जोडीत घातली आणि उघड्यावरची दोन दुसऱ्या जोडीत. सावली आली तर एकच जोडी बसते, दुसरी चालू राहते. खडूच्या रेघा नसत्या तर मी डावी-उजवी अशी जोडी केली असती आणि दोन्ही बसल्या असत्या.

मग चारही सिरीजमध्ये, चारही पॅरलल म्हणजे समांतर, की दोन-दोन, यावर चहा पीत चर्चा झाली. इथं अण्णांना चढलेला जोश मी आधी कधी पाहिला नव्हता. प्रत्येक पॅनेल कामाच्या वेळी साधारण २० व्होल्ट आणि १० अँपिअर देतं. चारही पॅरलल जोडली तर २० व्होल्टला ४० अँपिअर. आमची वायर १० गेजची.

"म्हंजे किती स्क्वेअर एमएम?"

"सव्वापाच."

"म्हंजे सहापेक्षा बारीक. आन् लांबी?"

छपरापासून पुढच्या कप्प्यातल्या कंट्रोलरपर्यंत २५ फूट, जाऊन-येऊन ५०. या वायरचा विरोध हजार फुटाला साधारण एक ओहम, म्हणजे ५० फुटाला ०.०५. चाळीस अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच गेले. विसातले दोन, दहा टक्के. आणि एवढा करंट त्या वायरला पेलणाराही नाही. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर ४० व्होल्टला २० अँपिअर, वाटेत जातो एक व्होल्ट, अडीच टक्के.

"मग अकरा केव्ही, तेहतीस केव्ही, एकशे बत्तीस केव्ही कशाला करतोय आपण?" अण्णा आईकडं वळून म्हणाले, जणू तिनंच विचारलं होतं. "दाब वाढवायचा, करंट कमी करायचा. तारंत जळत न्हाई."

मी म्हटलं, मग चारही सिरीजमध्ये घेऊ, ८० व्होल्टला १० अँपिअर, अजून कमी जाईल. तिथं माझी वही उपयोगी पडली, नाहीतर मीच कंट्रोलर जाळला असता. पॅनेलच्या मागच्या लेबलवर मोकळ्या तोंडाचा, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचा दाब २४.३ व्होल्ट दिलेला. चार मिळून ९७.२. कंट्रोलरची मर्यादा १००. वरवर बसतं. पण तो आकडा २५ अंश सेल्सियसचा आहे. पॅनेल गार पडलं की दाब वाढतो, अंशाला सुमारे ०.३ टक्का. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सात हजार फुटांवर. तिथं डिसेंबरातल्या सकाळी उणे १० काही नवलाचं नाही. म्हणजे ३५ अंशांचा फरक, दहा टक्के वाढ, १०७ व्होल्ट. सूर्य उगवताक्षणी कंट्रोलर खलास. अण्णांना हे नवीन होतं. थंडीत तारा आखडतात हे त्यांना माहीत, दाब वाढतो हे नव्हतं. त्यांनी माझ्या वहीतला तो हिशेब दोनदा वाचला आणि दोन-दोनच्या जोडीवर शिक्कामोर्तब झालं.

आता भोकं. एका पॅनेलला चार झेड आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, एका पट्टीला छपरात दोन स्क्रू. चार चोक सोळा, दुणे बत्तीस.

खालच्या आडव्या लाकडी पट्ट्या सापडल्याशिवाय स्क्रूला अर्थ नाही. नुसत्या प्लायवूडला धरलेला स्क्रू ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात किती टिकेल देव जाणे. वारा पॅनेलच्या खाली शिरून त्याला पतंगासारखा उचलायला बघतो. व्हिडिओत लोक महागडं यंत्र फिरवतात. आम्ही दोऱ्याला जोरकस लोहचुंबक बांधून रबरावरून ओढला. प्लायवूड ठोकलेल्या खिळ्यांवर तो अडखळायचा, तिथं खडूची फुली. फुल्यांची ओळ लागली की खाली पट्टी आहे असं समजायचं. सगळ्या झेड पट्ट्या लाकडावर आल्या नाहीत. सोळातल्या अकरा आल्या. उरलेल्या पाचांच्या खाली आम्ही अ‍ॅल्युमिनियमची रुंद पाटी घातली, भार पसरावा म्हणून.

एका भोकाचा विधी असा. रबर साबणाच्या पाण्यानं धुवायचं, पेट्रोलजन्य काही लावायचं नाही, रबर फुगतं. पट्टीच्या तळाला ब्यूटाइल टेप. बारीक ड्रिलनं वाट करून त्या भोकात डायकॉर नावाच्या सीलंटचा थेंब. मग स्टेनलेसचा स्क्रू. आणि शेवटी पट्टीचा पाय आणि स्क्रूची डोकी पूर्ण बुडतील इतकं डायकॉर वरून. हे डायकॉर लापशीसारखं आपोआप पसरतं आणि सपाट होतं, म्हणून ते सपाट जागीच वापरायचं. उभ्या कडेला लावलं तर ओघळून खाली येतं. ते नोव्हेंबरातल्या गार सकाळी नळीतून बाहेरच येईना, थंडीतल्या तुपासारखं बसलं होतं. नळ्या ट्रकच्या काचेमागं उन्हात ठेवल्या तेव्हा अकराच्या सुमारास कुठं हलल्या.

स्क्रू मी ड्रिलनं आवळत होतो. तिसराच फिरला. पातळ लाकडात जरा जोर जास्त झाला की आटे कापले जातात आणि स्क्रू नुसता गोल गोल फिरत राहतो. ते भोक सोडून, बुजवून, इंचभर बाजूला दुसरं घ्यावं लागलं, म्हणजे खरं तर भोकं तेहतीस. बायकोला मी बत्तीसच सांगितलीत. त्यानंतर शेवटचे दोन आटे अण्णांनी हातानं, जुन्या लाकडी मुठीच्या पेचकसानं आवळले. तो पेचकस त्यांनी सांगलीहून सामानात आणला होता, आईच्या मसाल्याच्या डब्यांच्या मधे गुंडाळून.

वायर आत न्यायला मात्र एकही नवं भोक लागलं नाही. गॅसच्या फ्रीजला मागून धुराडं असतं, त्याचं प्लास्टिकचं टोपण चार स्क्रूंवर. टोपण काढलं, वायर कडेच्या भिंतीला क्लिपांनी धरून खाली उतरवली, वर संरक्षक नळी चढवली, आणि तापणाऱ्या नळ्यांपासून लांब ठेवली. खालच्या जाळीतून ती ट्रेलरच्या तळाखालच्या पोकळीत आणि तिथून पुढच्या कप्प्यात. ही युक्ती ज्यानं पहिल्यांदा काढली त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

वर चार पॅनेल्स बसली, ऊन होतं, आणि मी घाई केली. जोडी बरोबर आहे का बघायला तात्पुरतं सगळं जोडलं, कंट्रोलरवर आकडे दिसले, खूश झालो. मग एक केबल नीट ओढून घ्यावी म्हणून चालू करंटमध्येच एमसी-४ चा जोड सोडवला. चट् करून निळा जाळ निघाला आणि प्लास्टिकचं तोंड काळं पडलं.

अण्णा खालून ओरडले, "लाईन क्लिअर घेतलीस का रं?"

मंडळात तारेला हात लावायच्या आधी सबस्टेशनकडून लाईन क्लिअर घेतात. पुरवठा बंद, बंद असल्याची खात्री, तारा शॉर्ट करून अर्थ करायच्या, मगच माणूस वर. अण्णांनी मला खाली उतरवलं आणि फळीवर बसवून दहा मिनिटं बोलले. भारतात घरातला एसी करंट, म्हणजे दिशा बदलत राहणारा, सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून ठिणगी पडली तरी ती विझायला फट मिळते. डीसी, म्हणजे पॅनेल-बॅटरीचा एकाच दिशेनं वाहणारा करंट, त्याला शून्य नाही. जाळ एकदा धरला की दोन टोकं लांब जाईपर्यंत ताणत राहतो. म्हणून डीसीला डीसीचाच ब्रेकर लागतो, घरातला चालत नाही. आणि पॅनेलला तर बटणच नाही. ऊन आहे तोवर ते जिवंत.

त्या दिवसापासून वर चढायच्या आधी पॅनेल्सवर जाड गोधड्या टाकायच्या, खालचा ब्रेकर पाडायचा, आणि त्याला पुठ्ठ्याची पाटी बांधायची, असा नेम झाला. पाटीवर अण्णांनी मार्करनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "माणसे काम करीत आहेत. स्विच चालू करू नये." मित्र कानडी, त्याची बायको अमेरिकन. वाचता येणारी माणसं आम्ही चौघंच. तरी पाटी बांधल्याशिवाय शिडीला हात लावू द्यायचे नाहीत.

बॅटरीपाशी आलो तेव्हा खरी परीक्षा होती, आणि ती रंगांची होती.

अण्णांच्या डोक्यात लाल-पिवळा-निळा म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा अर्थ. आयुष्यभराचं वळण. माझ्या डोक्यात सोलरचं वळण, लाल धन, काळा ऋण. दोघांचंही काळ्यावर एकमत. ट्रेलरच्या जुन्या बॅटरीच्या पेटीत दोन जाड वायरी, एक काळी, एक पांढरी. मी काळी ऋण टोकाकडं नेली. अण्णा मान हलवून हो म्हणाले. आणि तेवढ्यात, माझ्या हातात पाना असताना, त्यांनी मीटरची टोकं लावली.

"उणे दाखवतंय."

मला वाटलं टोकं उलटी धरली असतील. परत लावली. उणे १२.६. मग डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत घरातल्या वायरिंगमध्ये काळा म्हणजे जिवंत आणि पांढरा म्हणजे न्यूट्रल. ट्रेलर बांधणाऱ्यांनी तोच रिवाज १२ व्होल्टला लावलेला. काळी धन, पांढरी ऋण. त्याच कप्प्यात सोलरची काळी ऋण आणि ट्रेलरची काळी धन, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. उलटं जोडलं असतं तर नशीब बरं असेल तेव्हा फ्यूज जातात, नसेल तेव्हा बाकीचं.

"रंगावर कधी इश्वास ठेवला न्हाई म्हणून हितवर आलोय," अण्णा म्हणाले. मग त्यांनी लाल टेप मागून घेतली आणि प्रत्येक धन वायरीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन वेढे मारले, ज्यांचा रंग आधीच लाल होता त्यांनासुद्धा.

फ्यूजवरून मात्र मी त्यांना समजावलं. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर सोडते. साधा फ्यूज वितळला तरी त्याच्या टोकांमधला जाळ तेवढ्या करंटला थांबत नाही. म्हणून बॅटरीच्या अगदी तोंडाशी क्लास टी नावाचा फ्यूज लागतो, वाळूसारख्या भुशात कोंडलेला. २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला १७० अँपिअरच्या वर ओढतो, म्हणून फ्यूज २५० चा आणि केबल अंगठ्याएवढी. फ्यूज आणि डबी मिळून साठ-सत्तर डॉलर. अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प झाले. मग म्हणाले, गावात किटकॅट फ्यूजमध्ये लोक तांब्याची तार तिप्पट घालायचे, आणि डीपी जळला की आम्हाला शिव्या द्यायचे.

जाड केबलच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, चेपून बसवायचं काम त्यांनी मला करूच दिलं नाही. मी भाड्यानं आणलेलं हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन बघून ते एवढे हरखले की शिल्लक राहिलेल्या केबलच्या तुकड्यांनाही थिंबलं बसवून ठेवली. प्रत्येक थिंबल बसवलं की ते मांडीला केबल अडकवून पूर्ण ताकदीनं ओढून बघायचे. हा त्यांचा नेम पुढं कामाला आला.

बॅटऱ्या बाहेरच्या उघड्या चौकटीतून आतल्या कप्प्यात घेतल्या, कारण शून्याखाली गेल्यावर लिथियमला चार्ज करायचं नसतं. जुना चार्जर बदलून लिथियमचा बसवला. हे सगळं एका दुपारीत, कंटाळवाणं, सांगण्यासारखं काही नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी, बाराच्या सुमारास गोधड्या काढल्या. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. हा क्रम उलटा करायचा नाही. फोनवर आकडा आला २०५ वॅट.

मला आठशेची आशा होती असं म्हणणार नाही, पण दोनशे? अण्णांनी हाताची ओंजळ कपाळावर धरून सूर्याकडं बघितलं. फीनिक्स ३३ अक्षांशावर. डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. सपाट ठेवलेल्या पॅनेलला त्याचं निम्म्याहून थोडंच जास्त ऊन मिळतं. सांगलीत त्याच दिवशी सूर्य पन्नास अंशांपर्यंत चढतो. म्हणजे ८०० चे ४३० आणि त्यात इकडची तिकडची घट धरून ४०० हवे होते.

"बरोब्बर निम्मं," अण्णा म्हणाले. "निम्मं म्हंजे एक फेज गेला."

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. एका जोडीत ५ अँपिअर, दुसरीत शून्य. पाटी बांधली, गोधड्या टाकल्या, वर गेलो. सगळे जोड टकटक वाजून बसलेले दिसत होते. अण्णांनी एकेक हातात धरून वायर ओढली. चौथ्या जोडाची वायर त्यांच्या हातात आली, आतल्या पिनेसकट. बाहेरचं प्लास्टिक बसलं होतं, आतली पिन मागं सरकली होती. काळ्या पडलेल्या जोडाच्या जागी मी स्वतः बसवलेला जोड होता तो.

"ओढून बघितलं हुतंस?"

नव्हतं.

नवी पिन चेपली, जोडाच्या प्लास्टिकमध्ये ढकलली, टक् आवाज ऐकला, ओढली, परत ओढली. साडेबाराला ३९८.

संक्रांतीला क्वार्टझसाईटला गेलो. जानेवारीत त्या चिमुकल्या गावाभोवतीच्या वाळवंटात नजर जाईल तिथवर आरव्हीच आरव्ही असतात. पंढरपूरच्या वाळवंटाची आठवण झाली असं आई म्हणाली, फक्त इथं टाळ नाहीत, जनरेटर आहेत. पहाटे बाहेर दोन अंश. हीटरचा पंखा रात्रभर चालला होता आणि सकाळी बॅटरीत ६८ टक्के शिल्लक. आईनं मिक्सर लावून शेंगदाण्याचं कूट केलं. मिक्सर सुरू होताना अण्णा आत न बघता कप्प्यात वाकून केबलला हात लावून उभे होते, गरम होते का बघायला. गुळपोळ्या गॅसवर. शेजारचं म्हातारं जोडपं मिनेसोटाचं, त्यांना तिळगूळ दिला. त्यांच्याकडं छपरावर सहा पॅनेल्स होती. अण्णांनी हातवारे करून त्यांच्या म्हाताऱ्याला शिडी लावायला लावली, वर जाऊन आले आणि मला मराठीत म्हणाले, "दोन ठिकाणी सीलंट सुटलंय, सांग त्याला."

तिथंच त्यांनी एक वही घातली. तारीख, ऊन की ढग, दिवसभराचे युनिट, सकाळची बॅटरी. कंट्रोलर हे सगळं महिनाभर साठवून ठेवतो असं मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि वहीत लिहिणं चालू ठेवलं. जानेवारीतले आकडे दोनच्या आसपास, मार्चअखेर तीनच्या वर, एप्रिलात चार.

मे महिन्यात दोघं परत गेले. वही ट्रेलरमध्येच राहिली, ओट्याखालच्या खणात, पेचकसाशेजारी. तो त्यांनी मुद्दाम ठेवला. गेल्या आठवड्यात आम्ही फ्लॅगस्टाफजवळ पाईनच्या झाडीत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. तिकडं रात्र, आमच्याकडं सकाळ.

"काल किती युनिट?"

"दोन पॉइंट एक."

"ढग हुतं?"

"नाही. झाडांची सावली. आणि वर परागांचा पिवळा थर बसलाय."

"मग फडकं घिऊन चढ की," अण्णा म्हणाले. "आन् लाईन क्लिअर घे."